जव्हारचा घाट, मोखाड्याचे पाणी

आमच्या शेजारचे कुटुंब गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात इटलीला जाऊन आले. भाड्याची मोटार घेऊन रोमपासून खालच्या टोकापर्यंत त्यांनी पंधरा दिवस भटकंती केली. परतल्यावर एका संध्याकाळी त्यांनी आम्हांला चहाला बोलावले आणि मोबाईलमधील आठशे छायाचित्रे दाखवली. डोंगरउतारावरची ऑलिव्हची झाडे, दगडी वाडे, देवळांचे पडके खांब, टेबलावरचे पाव आणि चीज. सर्व पाहून झाले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. घरी येताना जिन्यात आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "लग्नाला चौतीस वर्षे झाली. आपण अजून माथेरानच्या पुढे गेलो नाही."

हे तंतोतंत खरे नव्हते. आम्ही एकदा पंढरपूरला आणि दोनदा कोल्हापूरला गेलो होतो. पण अशा वेळी तपशिलात शिरू नये, एवढे शहाणपण चौतीस वर्षांत मला आले आहे.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात आमच्या भाचीचा फोन आला. ती मोखाडा तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. "मामा, दिवाळीच्या आधी या. सुट्टी लागण्यापूर्वी या म्हणजे मीही असेन. मामीला म्हणावे, इथे थंडी पडायला लागली आहे." चिरंजीवांनी नुकतीच जुनी मोटार विकत घेतली होती आणि ती कोठे तरी न्यावी म्हणून त्यांचे हात शिवशिवत होते. तेव्हा बेत ठरला. इटलीला नाही, तर जव्हार-मोखाड्याला!

अश्विन वद्य एकादशीला पहाटे पाच वाजता आम्ही दादरहून निघालो. दिवस निवडताना कोणी पंचांग पाहिले नव्हते, त्यामुळे सौं.चा उपास आला. बरोबर थर्मास, फराळाचे दोन डबे, पाण्याच्या बारा बाटल्या आणि रस्ता सांगणारी मोबाईलमधील बाई. अहमदाबादचा हमरस्ता धरून वैतरणा ओलांडली आणि मनोरला उजवीकडे वळलो, तसा मोटारींचा गोंगाट एकदम मागे राहिला. विक्रमगड सोडले की रस्ता वर चढू लागतो. एकामागून एक वळणे येतात, डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला सागाची झाडे. पुढे ती मोबाईलमधील बाईही मुकी झाली. तिला वाटेत संपर्क मिळेना. चिरंजीव जरा कावरेबावरे झाले. मी म्हटले, "अरे, रस्ता एकच आहे. चुकायचे म्हटले तरी चुकता येणार नाही."

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचावर आहे. जुने लोक त्याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा त्यात गेले. पण गावाला जुन्या राजधानीची ऐट अजून आहे. रुंद रस्ते, जुनी कौलारू घरे, मध्येच एखादा नक्षीदार सज्जा. इथली नगरपालिका १९१८ सालची आहे, म्हणजे शंभरी ओलांडून गेलेली.

या संस्थानाची जन्मकथा मोठी मजेची आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये ती दिली आहे. त्या काळी जव्हारवर एका वारली नायकाची सत्ता होती. मुकणे गावचा पौपेरा नावाचा एक महत्त्वाकांक्षी कोळी सरदार त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "मला एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन दे." भोळा नायक हो म्हणाला. पौपेऱ्याने ते कातडे सोलून त्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या दोरीने वारल्याचे ठाणेच्या ठाणे वेढून टाकले! दिलेल्या शब्दाला जागून नायकाने गंभीरगडाकडचा मुलूख पत्करला. पौपेरा जयबा झाला, आणि त्याचा मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ते साल १३४३.

ही कथा ऐकून चिरंजीव गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाबा, ही तर कार्थेजची गोष्ट!" आणि खरेच, भूमध्य समुद्राच्या काठी, आजच्या ट्यूनिसजवळ, डायडो राणीने याच युक्तीने कार्थेज वसवल्याची दंतकथा आहे. तिथल्या टेकडीचे बिर्सा हे नाव ग्रीक कानांना कातड्यासारखे ऐकू आले, म्हणून ही कथा तिला चिकटली असे विद्वान सांगतात. कोठे कार्थेज आणि कोठे जव्हार! शेजाऱ्यांच्या आठशे छायाचित्रांत असे काही नव्हते, याचे आम्हां तिघांनाही मनातून समाधान वाटले. मला मात्र राहून राहून त्या वारली नायकाची आठवण येत होती. कथा सांगणारे सगळे पौपेऱ्याच्या चातुर्यावर खूश असतात. ज्याची जमीन गेली त्याला कोणी काही विचारलेले नाही.

गावाबाहेर काजूच्या झाडीत जयविलास राजवाडा आहे. गुलाबी झाक असलेल्या दगडाची ती इमारत, तिचे घुमट आणि खांब पाहून सौ. म्हणाल्या, "हेच दाखवले असते तर मी इटलीच समजले असते." यशवंतराव मुकणे हे जव्हारचे शेवटचे राजे. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढे ते लोकसभेतही निवडून गेले. गावाच्या दुसऱ्या अंगाला शिरपामाळ आहे. १६६४ च्या पहिल्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशाह राजाने त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असे गावकरी अभिमानाने सांगतात. संध्याकाळी आम्ही सूर्यास्ताच्या कड्यावर गेलो. दरीचा आकार धनुष्यासारखा, म्हणून त्या जागेचे जुने नाव धनुकमाळ. सूर्य खाली उतरला तसे एकामागे एक असे पाच-सहा डोंगर निळे, मग जांभळे, मग काळे होत गेले. तिथे चहाच्या टपरीवर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "साहेब, दसऱ्याला यायचं. दसरा आणि दर्ग्याचा उरूस, दोन्ही जव्हारचेच." या गावात दोन्ही सणांची गर्दी एकच असते, हे मला फार आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोसा धबधबा पाहिला. लेंडी नदी जवळजवळ तीनशे फूट खाली उडी घेते. पावसाळ्यातला तिचा आवेश ओसरला होता, तरी खालच्या डोहातून उडणारे तुषार वरपर्यंत येत होते. पाणी पाहत बसलो, तो सौ. म्हणाल्या, "एवढं पाणी! यांना कशाची कमी?" हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवले आहे, कारण पुढे त्याची आठवण आम्हां दोघांनाही बरेचदा झाली.

जव्हारहून मोखाड्याचा रस्ता म्हणजे या सगळ्या प्रवासातला मुकुटमणी. भाताची खाचरे पिवळी झाली होती. उतारावर नागलीची कणसे मुठी वळून उभी होती. आणि त्यांच्या मधून खुरासणीची शेते! सबंध टेकडीवर हळद सांडावी तशी ती पिवळीधमक फुले. सौं.नी गाडी थांबवायला लावली आणि पदर खोचून सरळ बांधावर गेल्या. तिथे एक बाई कसली तरी बारीक कणसे कापत होती. "ही कसली गं?" "वरी, बाय." सौ. माझ्याकडे वळून पाहतच राहिल्या. कालच्या एकादशीला ज्या वरीचे तांदूळ खाऊन त्या पुण्य जोडत होत्या, ते या उतारावर, या बाईच्या विळ्याखाली येते, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळले. आपल्या उपासाचे अन्न हे इथले रोजचे जेवण आहे. नागली आणि वरी यांना भातासारखे साचलेले पाणी लागत नाही. उतारावरच्या पातळ मातीत, डोंगरच्या पावसावर ती येतात, म्हणून इथल्या माणसाने त्यांना धरून ठेवले आहे.

भाची वाटेवर उभी होती. त्या दिवशी वाघबारस होती. आपण ज्या दिवशी गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी इथे वाघाची पूजा होते. पाड्याच्या वेशीबाहेर झाडाखाली वाघोबा. शेंदूर फासलेली लाकडी फळी, तिच्यावर वाघ, आणि वर सूर्य-चंद्र. गुराख्यांची पोरे तिथे भात शिजवत होती. वर्षभर गुरे रानात नेली, वाघाने ती राखली, म्हणून त्याचा हा मान. संध्याकाळी तारपा वाजला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. एवढ्या सामानातून तो धीरगंभीर, न तुटणारा सूर निघतो. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नाही, असा दंडक. हीच साखळी आपण वारली चित्रांत पाहतो. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढलेली ती चित्रे मुळात लग्नाच्या चौकाची, आणि ती काढायच्या सुवासिनी. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आणि जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रींच्या यादीत आले, तेव्हा भाचीच्या शाळेतली पोरे म्हणे दिवसभर नाचत होती.

जेवायला आम्ही भाचीच्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली लखलखीत जमीन. घरात मुलगी, तिचे आईवडील, धाकटा भाऊ आणि आजी. दारात पाऊल ठेवताच आजीने तांब्याभर पाणी पुढे केले. आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना आजही कान गरम होतात. तांब्यात वाळलेल्या गवताची एक काडी तरंगत होती. मी काही विचार न करता तो तांब्या अंगणात उपडा केला आणि परत पुढे करून म्हटले, "आजी, जरा दुसरं पाणी द्या." आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मातीत मुरत चाललेल्या त्या ओल्या डागाकडे पाहिले, आत गेल्या, आणि दुसरा तांब्या आणला. भाचीचा चेहरा उतरला. मला तेव्हा वाटले, तिला भूक लागली असेल.

जेवण काय सांगू! नव्या तांदळाची हातावर थापलेली भाकरी, नागलीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी, खुरासणीची झणझणीत चटणी, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. आणि नव्या तांदळाच्या पिठात काकडी किसून, गूळ घालून, पानात गुंडाळून उकडलेला गोड पदार्थ. आमच्या डब्यातले चकली-कडबोळे त्याच्यापुढे अगदी फिके पडले. मुलीच्या आईने सौं.ना रानभाज्यांचा सबंध पाढा म्हणून दाखवला. पहिल्या पावसात शेवळे. ते खाजरे, म्हणून त्यात काकड झाडाची आंबट फळे घालायची. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, बांबूचे कोंब. उन्हाळ्यात मोहाची फुले, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या बियांचे तेल. शेजाऱ्यांच्या ऑलिव्हची मला आठवण झाली. एकेका झाडावर माणसे कशी पिढ्यान् पिढ्या जगतात, ते इथेही तसेच आहे.

जेवण झाल्यावर मुलीच्या वडिलांनी आढ्याला टांगलेले एक भले मोठे गाठोडे उतरवले. आत रावणाचा मुखवटा होता. कागदाच्या लगद्याचा, रंगवलेला, दोन्ही बाजूंना नऊ तोंडांची ओळ. या भागात फाल्गुन ते वैशाख गावोगावी बोहाडा होतो. रात्रभर देवदानवांची सोंगे नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे ते ठरलेले असते, आणि या घराकडे रावण. "माझ्या आज्याचा हा. बापानं नाचवला, आता मी. चैत्रात या काका, बघायला." मग जरा थांबून म्हणाला, "मी असलो तर."

असलो तर, म्हणजे काय? ते भाचीने परतताना सांगितले. भाताची झोडणी झाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे बाहेर पडतात. भिवंडी, वसई, पालघरकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामावर. भट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. होळीला चार दिवस परत यायचे, पुन्हा जायचे, आणि पावसाच्या तोंडाला घरी. गावात उरतात म्हातारी माणसे, आणि शाळेत ठेवलेली पोरे. म्हणजे आपली दिवाळी घरी येण्याची, आणि यांची घर सोडण्याची. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला, हे आमच्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल. तेव्हापासून योजना आल्या, रस्ते झाले, दवाखाने झाले. काही शेतकऱ्यांनी आंबा-काजूच्या वाड्या केल्या, काहींनी मोगरा लावला. दादरच्या फुलबाजारात आपण घेतो त्या गजऱ्यांतला काही मोगरा या डोंगरांतून येतो. तिथे माणसे भट्टीवर जात नाहीत, असे भाची म्हणाली. पण मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागते. मग ती हळूच म्हणाली, "मामा, तो तांब्या तू ओतायला नको होतास. आजी ते पाणी पाऊण मैलावरून आणते."

परतीचा रस्ता खोडाळ्यावरून कसाऱ्याकडे घेतला. वाटेत देवबांधच्या गणपतीचे दर्शन घेतले. उतरताना खाली वैतरणेचे पाणी चमकत होते. याच नदीवर, याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ मुंबई महानगरपालिकेचे मध्य वैतरणा धरण आहे. उंची १०२ मीटर, २०१४ साली पूर्ण झाले. त्यातून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरांहून अधिक पाणी मिळते. मुंबईला पाणी देणारे तलाव सात, त्यांपैकी वैतरणा या एकाच नदीवर तीन. मोडकसागर तर १९५७ पासून आम्हांला पाणी पाजतो आहे. घरी आल्यावर मी नळ सोडून चूळ भरली, आणि का कोण जाणे, नळ लगेच बंद केला.

चैत्र उजाडला, आणि आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस सौं.नी आग्रह धरला होता. मुंबईत घामाच्या धारा, आणि जव्हारच्या चढावर तेच डोंगर ओळखू येईनात. हळदीची शेते गेली होती. काळा उघडा खडक, करडे गवत, पाने झडलेला साग. तेवढ्यात कोठे तरी पळस पेटलेला. दाभोशाला पाण्याची बारीक धार. इथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. डोंगर तीव्र उताराचे, वर मातीचा थर वीतभर, खाली अभेद्य काळा कातळ. तो पाणी पोटात घेत नाही. पडलेले पाणी ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात नाही तर खाडीत. नद्या खोल दरीत वाहतात आणि पाडे वर माळावर. खालचे पाणी वर चढवायला पंप, नळ आणि वीज हवी. फाल्गुन सरला की विहिरी तळाला जातात, आणि पाडे टँकरची वाट पाहू लागतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरात आजी आणि शाळेतून आलेली दोघे भावंडे होती. आईवडील होळीनंतर भट्टीवर परत गेलेले. रात्री बोहाडा. "बाबा येणार आहे," मुलगी दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे पाहून म्हणे. आजीने गाठोडे उतरवून मुखवट्याची पूजा केली होती. पाच वाजले, सहा वाजले. कोणी तरी सुचवले की, या वर्षी चुलत्याला द्यावा. आजी एवढेच म्हणाल्या, "दिवा लागू दे." दिवेलागण झाली. साडेसात वाजता शेवटच्या एस. टी. तून तो उतरला. अंगावर विटांची लाल धूळ तशीच. मालकाने दोन रात्रींची सुट्टी दिली होती, आणि त्या दिवसांची मजुरी कापणार होता. बायकोला तिथेच ठेवून यावे लागले होते. मुलगी धावत गेली, पण त्याला बिलगली नाही. फक्त हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली.

बोहाड्याची ती रात्र मी विसरणार नाही. संबळ आणि पिपाणी यांचा आवाज दरीत घुमत होता. प्रथम गणपती, मग मोरावर बसलेली शारदा. नंतर एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात येई, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाचत जाई. वेताळ आला तेव्हा लहान पोरे आयांच्या पदरात शिरली. मध्यरात्री रावण आला. ते दहा तोंडांचे ओझे मानेवर घेऊन तो असा गिरक्या घेत होता की, हाच माणूस पाच तासांपूर्वी धुळीने माखून एस. टी. तून उतरला, यावर विश्वास बसू नये. आजी पुढे झाल्या, त्यांनी त्याला ओवाळले आणि त्याच्या पाया पडल्या. मुलाच्या नव्हे, रावणाच्या. आमच्या सौ. मला विचारत होत्या, "रावणाच्या पाया पडतात का?" शेजारची बाई म्हणाली, "सोंग देवाचंच असतं, बाय."

पहाटे जगदंबा येऊन महिषासुराचा वध करते आणि बोहाडा संपतो. पण ते मी एकट्यानेच पाहिले. तीन वाजता सौ. दिसेनाशा झाल्या. त्या आजी आणि चार बायांबरोबर विहिरीवर गेल्या होत्या. टँकर दोन दिवस आला नव्हता. रात्रभर झिरपून तळाशी जे पाणी साचते ते उजाडण्यापूर्वी भरावे लागते. आमच्या सौ. म्हणजे आमच्या घरातल्या पाणी वापरण्याच्या बाबतीत मोठ्या उदार. दोन तासांनी त्या आल्या त्या डोक्यावर निम्मा हंडा, ओली साडी आणि एका हाताने धरलेली मान घेऊन. "वाटीनं भरतात हो," एवढेच त्या म्हणाल्या, आणि ओसरीवर बसल्या. आजी हसल्या. "बायनं अर्धा सांडला," असे म्हणून त्यांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

सकाळी निघताना आजीने तांब्या पुढे केला. काडी नव्हती, पण पाणी गढूळ होते. मी घोट घेतला आणि उरलेले तांब्यात तसेच परत दिले. आजींनी ते कोपऱ्यातल्या मोगऱ्याच्या रोपाला घातले. मुलीने शाळेतून आणून लावलेले ते एकुलते एक रोप. रावण आमच्याच गाडीतून भिवंडीच्या फाट्यापर्यंत आला. वाटेत तो झोपला होता. उतरताना म्हणाला, "काका, मोगऱ्याची वाडी केली तर भट्टी सुटंल. शंभर रोपं मिळाली आहेत. पाण्याचं झालं की लावतो."

शेजाऱ्यांना आम्ही छायाचित्रे दाखवली. आठशे नव्हे, चाळीसच होती. त्यांनी विचारले, "कधी जावे?" तुम्हां वाचकांनाही तेच सांगतो. हिरवे डोंगर पाहायचे तर श्रावण-भाद्रपदात जा, पण घाटात धुके असते, गाडी बेताने हाका. पिवळी शेते पाहायची तर दिवाळीच्या आधी जा. बोहाडा पाहायचा तर चैत्रात जा, आणि मग पाणी घरून न्या, परत येताना रिकाम्या बाटल्याही घेऊन या. मुंबईहून वाट जेमतेम दीडशे किलोमीटर. मोखाड्याहून पुढे तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वर गाठता येते, आणि नाहीच गाठले तरी हरकत नाही.

भाचीचा परवा फोन होता. या वर्षी पाऊस बरा झाला, नागली चांगली आली आहे. पाड्यावरच्या लोकांनी पावसाआधी श्रमदानाने ओढ्याला दगडी बांध घातला होता, त्यात अजून पाणी आहे. ते चैत्रापर्यंत टिकते की नाही, यावर सगळे अवलंबून. शंभरपैकी साठ रोपे लावली आहेत. बाकीची चाळीस आजीने पाण्याचा अंदाज घेऊन थांबवली आहेत. आणि उचल? "या वर्षी अजून घेतलेली नाही, मामा. दिवाळी होईपर्यंत थांबतो म्हणाला."

आम्ही वाघबारशीला जाणार आहोत. सौं.नी फराळाबरोबर पाच मीटर नळी घेतली आहे.